मेसेज आप्पांच्या फोनवर

माझ्या धाकट्या भावाचं बँकेतलं खातं आमच्या आप्पांच्या मोबाईलला जोडलेलं होतं. या एका गोष्टीवरून मी त्याच्यावर जेवढी जळले, तेवढी त्याच्या नोकरीवरून, त्याच्या मोटारसायकलवरून किंवा उद्या त्याच्या नावावर होणाऱ्या जमिनीवरूनही जळले नाही. माझ्या कार्यालयातल्या बायकांना हे सांगितलं तर त्या मला वेड्यात काढतील. त्यांच्यातल्या एकीचं एटीएम कार्ड तिच्या सासऱ्यांच्या पाकिटात असतं. दुसरीच्या पगाराचा मेसेज आधी तिच्या नवऱ्याला जातो, मग तो तिला कळवतो. त्या मला नेहमी म्हणतात, तुझं बरं आहे बाई, तुझ्या खात्यात कुणी डोकावत नाही. मी हसून मान डोलावते. कुणी डोकावत नाही, हेच तर माझं दुखणं होतं, पण ते जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात घेऊन सांगण्यासारखं नव्हतं.

हे सगळं झालं ते अगदी साध्या कारणानं. भाऊ शेवगावला अकरावीत होता तेव्हा शिष्यवृत्तीसाठी त्याचं खातं काढायचं होतं. घरात फोन एकच, तो आप्पांच्या बंडीच्या खिशात. बँकेतल्या साहेबांनी नंबर विचारला, आप्पांनी स्वतःचा सांगितला. पुढे भाऊ डिप्लोमा झाला, पुण्याला कंपनीत लागला, कंपनीनं खातं विचारलं आणि त्यानं तेच जुनं दिलं. नंबर बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नंतर त्याच्या आलं, तेव्हा आप्पा म्हणाले, ‘आसू दे की. काय अडलंय त्यानं?’ आणि ते तसंच राहिलं.

मी त्याच्याआधी कमावती झाले. परीक्षा देऊन नगरला सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले, सावेडीत एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. खातं उघडायला जाण्याआधी मी आप्पांना मुद्दाम फोन करून विचारलं होतं, नंबर कुठला देऊ? ‘तुझाच दे,’ ते म्हणाले. ‘लेकीच्या पगारात बापाचं काय काम?’ हेच वाक्य त्यांनी पुढे गावात चार माणसांत बसून ऐकवलं. माणसांनी माना डोलावल्या. बाप असावा तर असा, असं म्हणे कुणीतरी बोललं. मलाही काही दिवस त्याचं कौतुक वाटलं. बाकीच्या मुलींचे बाप पगाराच्या तारखेला फोन करतात, माझा करत नाही, म्हणून मी मिरवलेही.

हे मिरवणं उतरायला भावाचा पहिला पगार व्हावा लागला.

नंबर आप्पांचा असल्यामुळे भावाला मोबाईलवरून स्कॅन करून पैसे देता यायचे नाहीत. पुण्यात चहाच्या टपरीवरही सगळे फोन पुढे करायचे आणि हा कार्ड काढायचा. आणि ऑनलाईन काही घ्यायचं म्हटलं की ओटीपी यायचा तो आप्पांना. मग हा पुण्याहून फोन करणार, आप्पा असतील तिथं हातातलं काम टाकणार, ‘थांब, चष्मा घालतो’ म्हणणार आणि एकेक आकडा मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणतात तसा म्हणणार. तो आकडा कुणाला सांगू नका, असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं. मी एकदा ते आप्पांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, ‘म्या कुठं कुनाला सांगतो? ज्याचं हाय त्यालाच सांगतो.’ आप्पा रानात पाणी धरायला गेलेले असले आणि फोन घरी राहिलेला असला तर आई सांगायची. माझी आई शाळेत गेली ती नावापुरती. मी बारावीत असताना तिला सही शिकवायला बसले होते, तेव्हा तिनं ‘मला काय कलेक्टर व्हायचंय व्हय’ म्हणून पाटी बाजूला सारली होती. मुलाच्या ओटीपीसाठी मात्र ती पाठ करून इंग्रजी आकडे शिकली. माझ्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

एकदा मी सुट्टीवर आले असताना आप्पांबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेले होते. गाय घ्यायची होती. तिथं दलाल किंमत तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली हात धरतो आणि बोटं दाबून सांगतो, म्हणजे शेजारच्याला सौदा कळू नये. आप्पांचा उजवा हात असा रुमालाखाली, दलाल बोटं दाबतोय, आप्पा मान हलवून नाही म्हणतायत, आणि तेवढ्यात भावाचा फोन आला. आप्पांनी उजवा हात तसाच ठेवला, डाव्या हातानं फोन काढून माझ्याकडे दिला. ‘मेसेज काढ अन् धर माझ्यापुढं.’ मी भावाला स्पीकरवर घेतलं आणि मेसेज काढून धरला. त्यांनी गुरांच्या हंबरण्यात सगळे आकडे ओरडून सांगितले. दलाल रुमाल सोडून खो खो हसायला लागला. ‘आमी इथं बोटं झाकून मेलो, अन् पाव्हनं सगळ्या बाजारात आकडं सांगत्यात,’ तो म्हणाला. आप्पाही हसले. ‘लेकाचं हाय वो,’ त्यांनी सांगितलं. मग गाय राहिली बाजूला आणि त्यांनी मला विचारलं, ‘बूट घेतले जनू त्यानं. कसले आस्तील गं?’

कसले असतील गं! मी पायात दोन वर्षांपूर्वीच्या चपला घालून उभी होते आणि त्या कुठून घेतल्या हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिथं, त्या शेणामातीत, मला रडू येईल असं वाटलं. मी फोन त्यांच्या खिशात कोंबला आणि उसाचा रस प्यायला निघून गेले. गाय शेवटी त्यांनी एकट्यानंच घेतली.

ओटीपी एक वेळ ठीक होता. कार्ड वापरलं की पैसे कापल्याचा जो मेसेज यायचा, तो जास्त जिव्हारी लागायचा. त्यावरून भाऊ काय करतो, कुठं जातो, काय खातो हे आमच्या घरात बसून कळायचं. पेट्रोलचा मेसेज आला की आई म्हणायची, ‘गावाकडं निघाला का काय?’ आणि तांदूळ निवडायला घ्यायची. हॉटेलचा आला की तोंड वाकडं करायची, ‘आज डबा बुडवला मेसवाल्यानं.’ आणि दुपारपर्यंत काहीच आलं नाही की तिला सुचायचं नाही. मग ती फोन करायची. कुणाला? मला. ‘ताई, त्याला इचार गं जेवला का. आज काय मेसेज न्हाई.’ मी कार्यालयात, पुढ्यात टपाल, समोर अर्जदार उभे, आणि मी पुण्याला फोन लावून विचारायचं, बाबा तू जेवलास का. तो तिकडून खेकसायचा, ‘जेवलो की! रोख दिले पैसे!’ मी आईला कळवायचे. आई म्हणायची, ‘बरं झालं बाई.’ फोन बंद. मी जेवले का, हे त्यात कुठंच नसायचं. मी तर भरल्या ताटावरून उठून फोन घेतलेला असायचा.

पावसाळ्यात एकदा भावाच्या खात्यातून लागोपाठ मेडिकलचे मेसेज आले. एक सकाळी, एक संध्याकाळी, परत दुसऱ्या दिवशी एक. त्यानं घरी काही सांगितलं नव्हतं. आप्पांनी फोन केला तर म्हणाला, थोडा ताप आहे, काही नाही. आप्पांनी फोन ठेवला, अंगावरच्या कपड्यांनिशी फाट्यावर गेले आणि पुण्याची गाडी धरली. आईनं तेवढ्यात मुगाची खिचडी टाकून तीन ताळी डबा भरून दिला होता. आप्पा त्याच्या खोलीवर आठवडाभर राहिले. त्याच्या मित्रांचेही कपडे धुतले म्हणे. भाऊ मला फोनवर सांगत होता, ‘ताई, आप्पा दारात उभे! हातात डबा! पोरं बघतच राहिली.’ त्याला ते हसण्यासारखं वाटत होतं.

त्याच पावसाळ्यात, थोडं पुढे, मला डेंग्यू झाला. सावेडीच्या एका दवाखान्यात मला सलाईन लावलं होतं. मैत्रीण सकाळी यायची आणि कामावर जायची. मी घरी कळवलं नाही. उगाच काळजी करतील, असं मी मैत्रिणीला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण खाटेवर पडल्या पडल्या मी दाराकडे बघत होते. माझ्या खात्यातूनही पैसे कापले जात होते, त्याचेही मेसेज येत होते. ते माझ्याच उशाशी येत होते. मीच वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

आणि हा शहाणा माझ्याकडेच तक्रार करायचा. ‘तू लई नशीबवान हायेस ताई. मला चड्डी घ्यायची म्हणली तरी बापाला फोन करावा लागतो.’ एकदा तर तो खरोखर रडकुंडीला आला होता. त्यानं कंपनीतल्या एका मुलीसाठी केक घेतला आणि मेसेजात बेकरीचं नाव आलं. आप्पांनी विचारलं, ‘केक कुनाचा?’ यानं साहेबांचा सांगितला. आप्पा म्हणाले, ‘साहेबाला बदामाच्या आकाराचा केक?’ केकचा आकार काही मेसेजात येत नाही. आप्पांनी अंधारात दगड मारला होता आणि तो बरोबर लागला. मुलगी पाथर्डीकडची निघाली, घरचे चांगले निघाले, आणि वर्षाच्या आत लग्न झालं. लग्नात आप्पा पाहुण्यांना सांगत होते की माझ्या पोराचं लग्न बँकेनं जमवलं. माझं लग्न त्याआधीच झालं होतं, नगरच्याच एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाशी. तो फार चांगला आहे. खात्याचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘तुझं तुझ्याकडे राहू दे, मी बघणार पण नाही.’ बाकीच्या बायकांना असल्या नवऱ्याचा हेवा वाटतो. मी मनात म्हटलं, घ्या, हाही बघणार नाही.

भावजय आली आणि तिनं महिन्याच्या आत तो नंबर बदलून घेतला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. नवराबायकोनं सिनेमाला जायचं आणि तिकिटाचा आकडा सासऱ्यानं वाचून दाखवायचा, हे कुठल्या मुलीला चालेल? भावानं आप्पांना घाबरत घाबरत सांगितलं. आप्पा म्हणाले, ‘बरं झालं, माझी कटकट गेली.’

मला हे कळलं तेव्हा गुदगुल्या झाल्या. दुसरा शब्द नाही. त्या दिवशी मी कार्यालयात सगळ्यांना स्वतःच्या पैशानं वडापाव खाऊ घातले आणि कारण विचारलं तर सांगितलं नाही.

पुढच्या सुट्टीत गावी गेले, तर आप्पा ओट्यावर बसून फोन उपरण्यानं पुसत होते. फोन वाजला की लगबगीनं चष्मा लावायचे. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज असायचा. तोही ते पूर्ण वाचायचे. आई विचारायची, ‘काय म्हनतोय?’ ‘काय न्हाई, कंपनीचा हाय.’ आई दुपारी तांदूळ घेऊन बसायची आणि निवडायचे की नाही ते तिला ठरवता यायचं नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून आधी दुसरंच मनात आलं. कार्यालयात एखाद्याची बदली होऊन खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं की बाकीच्यांची जी नजर जाते, तशी माझी त्या फोनवर गेली.

नगरला परतल्यावर मी बँकेत जाऊन माझ्या खात्याला आप्पांचा नंबर लावून टाकला. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. ‘मॅडम, लोक वडिलांचा नंबर काढायला येतात. तुम्ही घालायला आलात?’ मी म्हटलं, घाला. माझं मोबाईलवरून पैसे देणं त्या दिवसापासून बंद झालं. भाजीवाल्यापुढे सुटे शोधत उभी राहायला लागले. नवरा म्हणाला, ‘तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?’ मी म्हटलं, हल्ली फसवणूक फार वाढलीय. आप्पांच्या साध्या फोनवर मेसेज गेलेला बरा. तो बघणार नव्हताच, तेव्हा त्यानं जास्त विचारलंही नाही.

पहिला ओटीपी वीजबिलाचा. मी फोन लावला. त्याआधी केस सारखे केले, हसू नका.

‘आप्पा, मेसेज आला का?’

‘आलाय. पन हा तुझा मेसेज माझ्याकडं कसा आला?’

‘मीच तुमचा नंबर दिलाय बँकेत.’

ते म्हणाले, ‘जावईबापूंना म्हाईत हाय का?’

‘आहे.’

मग त्यांनी आकडे सांगितले. भरभर, दबक्या आवाजात, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी भीती असल्यासारखे. ‘थांब, चष्मा घालतो’ नाही, ‘काय घेतलंस?’ नाही. ‘ठिवतो,’ म्हणाले आणि ठेवला. नंतर आई म्हणाली की तुझा फोन आला की ते घराच्या मागं, गोठ्याकडं जातात. लोक काय म्हणतील, बाप लेकीचं खातं वापरतो?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावाचा आकडा घोडेगावच्या भर बाजारात आणि माझा गोठ्यामागं! पण मी हट्टाला पेटले होते. मी कार्डानं साडी घेतली आणि वाट पाहिली. कसली साडी, कुणी विचारलं नाही. एकटीच हॉटेलात जाऊन जेवले. डबा का बुडाला, कुणी विचारलं नाही. रविवारी फोन केला की ठरलेलं तेवढंच. बरी हायेस का, जावईबापू बरे हायेत का, घे, आईशी बोल. मला जावईबापूंचा राग यायला लागला. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

शेवटी मी एक गोष्ट केली. अंगात ताप नाही, खोकला नाही, आणि मी कार्यालय सुटल्यावर मेडिकलमध्ये गेले. ज्याच्या पाटीवर आणि पावतीवर मेडिकल हा शब्द स्वच्छ दिसेल असं दुकान निवडलं. थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, पाण्यात टाकायच्या पुड्या, सगळं कार्डानं घेतलं. घरी आले. नवऱ्याची दुसरी पाळी होती. फोन मांडीवर घेऊन मी खुर्चीत बसले. कुकरच्या शिट्टीनंही दचकत होते. फोन काही वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. रविवारी मी मुद्दाम फोन केला नाही, तर आईनंच केला आणि गाय व्याल्याचं सांगितलं. गाईचं कळवायला फोन आला. गाईच्या वासराचासुद्धा मला हेवा वाटला.

पुढे कांदे आणायला म्हणून गावी गेले. जेवणं झाली, आप्पा गोठ्याकडे गेले, आई भांडी घासत होती, आणि मी फुटले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. ‘तुमच्या पोराच्या मेडिकलचा मेसेज आला तर आप्पा पुण्याला पळाले. माझा आला तर साधा फोन नाही. मी मेले तरी तुम्हाला चौकशी करावीशी वाटणार नाही,’ असलं काहीतरी. आईचा हात थांबला नाही. ती एक पातेलं विसळून पालथं घालून झाल्यावर बोलली.

‘आलता की मेसेज. मला वाचून दावला त्यांनी.’

‘मग?’

‘मग काय. मी लगीच खिचडी टाकली. डबा भरून दिला. ते फाट्यावर गेल्ते.’

मला वाटलं ती भावाचं सांगतेय. ‘आई, मी पुण्याचं नाही विचारत.’

‘मीबी नगरचंच सांगती,’ ती म्हणाली. ‘तुझ्याकडं यायला गेल्ते फाट्यावर. डबा घिऊन बसले. एक गाडी आली, सोडली. दुसरी आली, तीबी सोडली. अंधार पडल्यावर आले माघारी.’

‘का?’

‘म्हनले, बोलावल्याबिगर लेकीच्या दारात जाऊन जावयाला काय सांगू? तुमच्या बायकूच्या खात्याचा मेसेज मला येतो, म्हनून आलो?’

‘फोन तरी करायचा.’

‘त्येच म्या म्हनले. तर म्हनत्यात, तिनं सांगितलं न्हाई म्हंजी सांगायचं नसंल. पोराला खोदून इचारता येतं. लेक दुसऱ्याच्या घरची.’

मी तशीच पाटावर बसून राहिले. फळीवर तो तीन ताळी डबा पालथा घातलेला होता.

‘आणि खिचडीचं काय केलं?’ मी विचारलं.

‘आमीच खाल्ली. त्यांना काय ती गेली न्हाई.’

मी म्हटलं, आई, खिचडी टाक. ती म्हणाली, आत्ताच तर जेवलीस. मी म्हटलं, टाक तरी. डब्यात भरून दे.

आप्पा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एका खांद्यावर कांद्यांची पिशवी, हातात डबा. फाट्यावर एक सिमेंटचा बाक आहे. ते नेमके त्याच्या कडेला बसले, तेव्हा मला कळलं की त्या दिवशीही ते इथंच बसले असणार. गाडीची वाट बघता बघता त्यांनी खाली बघूनच विचारलं, ‘तवा काय झाल्तं तुला?’

खोटं बोलता आलं असतं. ‘काही झालं नव्हतं,’ मी म्हणाले. ‘तुम्ही फोन करता का ते बघत होते.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी राग आला त्यांना, तो दिसला. ‘माझी परीक्षा घेतली व्हय?’ मग थोड्या वेळानं म्हणाले, ‘दोन गाड्या सोडल्या म्या.’

‘आई म्हणाली.’

‘जीव टांगनीला लागला हुता माझा.’

‘माझा तर कितीतरी वर्षं लागलाय, आप्पा. त्याला कसं विचारायचात, बूट कसले घेतले, केक कुणाचा, जेवला का नाही. मला एकदा विचारलंत? नंबर त्यासाठीच तर दिला. मेसेज आला की विचारायचं.’

‘लेकीला कसं इचारायचं?’

‘पोराला विचारता तसं.’

गाडी आली. त्यांनी पिशवी आत चढवली, डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि खाली उतरले. खिडकीतून मी पाहिलं तर ते फोन काढून, त्याचा आवाज वाढवत होते की काय करत होते, नीट दिसलं नाही.

नगरला स्टँडवर उतरले. तहान लागली होती. पर्समध्ये सुटे होते, तरी मी कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घेतली आणि कार्ड पुढे केलं. दुकानदार वैतागला. ‘एवढ्याशासाठी कार्ड, मॅडम?’ मी म्हटलं, हो, एवढ्याशासाठीच. त्यानं कुरकुरत मशीन काढलं. मी बाटलीचं झाकण उघडतेय तोवर फोन वाजला.

‘पोचलीस जनू ष्टँडवर,’ आप्पा म्हणाले. मोठ्यानं. मागं माणसांचा आवाज येत होता, म्हणजे ते गोठ्यामागं नव्हते, पाराजवळ चारचौघांत होते. ‘काय घेतलंस गं?’

‘पाणी.’

‘नुसतं पानी? अन् डब्यातलं खाल्लंस का न्हाई?’

‘आता खाते.’

‘खा. गार व्हईल,’ ते म्हणाले, आणि कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, ‘लेक हाय वो.’

मी स्टँडवरच्या बाकावर बसले. डोळे पुसले. आणि डबा उघडायच्या आधी मी काय केलं, तर भावाला फोन लावला. मला राहवलंच नाही. म्हटलं, आत्ता आप्पांचा फोन आला होता, मी पाण्याची बाटली घेतली तर लगेच विचारलं त्यांनी, काय घेतलंस. मला वाटलं तो हसेल, म्हणेल, अडकलीस ताई, आता भोग.

‘मला न्हाई करत आता,’ तो म्हणाला. ‘मी काय घेतो, काय खातो, आजकाल कुनीच इचारत न्हाई.’

तो आवाज मी लगेच ओळखला. मी डब्याचा वरचा कप्पा काढला.

‘काय खातेस?’ त्यानं विचारलं.

‘खिचडी,’ मी म्हणाले, आणि मुद्दाम सावकाश सांगितलं, ‘आईची.’